काजू, कोकम, आंबा: परदेशच्या सामाईक बाजारासाठी कोकणातल्या कारखान्याची तयारी

मुक्त व्यापार कराराची बातमी आली की वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंतच्या कारखानदारांना पहिला प्रश्न पडतो तो दराचा: आता शुल्क किती वाचणार? त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. गोदामातल्या कुठल्याही एका डब्यावर बोट ठेवून तो माल कुठल्या गावातून, कुठल्या तारखेला आला आणि कुठल्या लॉटमधून (एकत्र तयार झालेल्या मालाच्या गटातून) गेला, हे तुम्ही कागदावर दाखवू शकता का? शुल्काची सवलत, प्रयोगशाळेचा अहवाल, परदेशी बंदरावरची तपासणी, ग्राहकाची तक्रार, सगळ्याची गाठ शेवटी याच उत्तराशी पडते. म्हणून या लेखात लॉटची वही पुन्हा पुन्हा येईल.

बाजार नक्की कुठला?

‘सामाईक बाजार’ या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलल्या जातात आणि तिथूनच चुका सुरू होतात.

युरोपीय संघ हा २७ देशांचा एकच बाजार आहे. १ जानेवारी १९९३ पासून तो तसा चालतो. रॉटरडॅमला माल एकदा सीमाशुल्कातून सुटला की तो जर्मनीत किंवा इटलीत पुन्हा शुल्क न भरता जातो. अन्नसुरक्षेचे बरेचसे नियम सगळीकडे सारखे आहेत. पण लेबलची भाषा विक्रीच्या देशाप्रमाणे बदलते.

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन हा एफ्टा गट संघाबाहेरचा. त्यांच्याबरोबरचा भारताचा करार १० मार्च २०२४ रोजी झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. नॉर्वेत अन्नाचे नियम बहुतांश युरोपीय संघाचेच असतात, पण सीमाशुल्क स्वतःचं असतं. त्यामुळे ऑस्लोला सवलतीत उतरवलेला माल तिथून स्टॉकहोमला पाठवायचा तर शुल्काचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांनी २००३ मध्ये बाहेरच्या मालासाठी साधारण ५ टक्के हा एकच दर ठरवला. संयुक्त अरब अमिरातींशी भारताचा करार १८ फेब्रुवारी २०२२ ला झाला आणि १ मे २०२२ पासून लागू झाला. ही सवलत फक्त अमिरातींपुरती आहे. दुबईत उतरवून सौदीला पाठवलेल्या मालाला ती लागत नाही.

करारावर सही होण्याची तारीख आणि तो लागू होण्याची तारीख यांत किती अंतर पडू शकतं, हे वरच्या तारखांवरून दिसतंच. एफ्टाला दीड वर्षाहून जास्त वेळ लागला. खरेदीदाराला सवलतीचा दर धरून भाव देण्याआधी तीन गोष्टी पाहा: करार लागू झाला आहे का, तुमच्या मालाचा एचएस क्रमांक (सीमाशुल्कासाठी मालाच्या वर्गीकरणाचा आकडा) सवलतीच्या यादीत आहे का, आणि शुल्क पहिल्या दिवसापासून शून्य आहे की दरवर्षी टप्प्याटप्प्याने उतरणार आहे.

आणखी एक तपासणी, जी फार जण करत नाहीत: मुळात शुल्क आहे का? सोललेल्या काजूगरावर युरोपीय संघात कुठल्याही देशासाठी आयात शुल्क नाही. तिथे उगम प्रमाणपत्रासाठी (माल मूळ कुठल्या देशातला त्याच्या दाखल्यासाठी) धावपळ करून दर कमी होणार नाही. तो वेळ आणि पैसा अफलाटॉक्सिनच्या (बुरशीतून तयार होणाऱ्या विषाच्या) चाचणीवर घालवावा. दर पाहण्यासाठी युरोपीय संघाचं ‘ॲक्सेस टू मार्केट्स’ हे संकेतस्थळ फुकट आणि सोपं आहे. एचएस क्रमांकाचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देश आपापले लावतो. तुमच्या शिपिंग बिलावरचा आठ आकडी भारतीय क्रमांक तिकडे जसाच्या तसा चालेल असं धरू नका.

उगमाचा नियम: काजूवाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा

सवलत ‘भारतातून आलेल्या’ मालाला मिळत नाही, ‘भारतात उगम असलेल्या’ मालाला मिळते. हापूस, रातांबा (कोकमाचं फळ), नारळ यांत प्रश्न येत नाही, झाडच इथलं. काजूत मात्र येतो, कारण कोकणातले अनेक कारखाने वर्षभर चालण्यासाठी आफ्रिकेतली बी आणतात.

नियम साधारण तीन प्रकारचे असतात आणि करारागणिक, वस्तूगणिक बदलतात. पहिला, माल पूर्णपणे इथेच पिकलेला हवा. दुसरा, बाहेरच्या कच्च्या मालाचा एचएस क्रमांक आणि तयार मालाचा क्रमांक ठरावीक पातळीवर बदलायला हवा. तिसरा, मूल्यवृद्धी ठरावीक टक्क्यांहून जास्त हवी. कुठे यातला एक पुरतो, कुठे दोन एकत्र मागतात. कराराच्या जोडपत्रात तुमच्या क्रमांकासमोर काय लिहिलं आहे तेच खरं. शेजारच्या कारखान्याचा अनुभव दुसऱ्या क्रमांकाचा असू शकतो.

आता काजूचा पेच पाहा. टरफलासकट बीचा क्रमांक ०८०१.३१, सोललेल्या गराचा ०८०१.३२. म्हणजे आफ्रिकन बी फोडून गर काढला तर सहाव्या आकड्यावर बदल होतो, पण पहिले चार आकडे तेच राहतात. नियम ‘चार आकडी बदल’ असा असेल तर हा गर नापास. नियम ‘पूर्णपणे इथे पिकलेला’ असेल तर अर्थातच नापास. भाजून, मीठ लावून पाकिटात भरलेला काजू मात्र २००८ या क्रमांकात जातो. तिथे अख्खं प्रकरणच बदलतं.

मूल्यवृद्धीचं गणित असं: एफओबी किमतीतून (माल जहाजावर चढेपर्यंतच्या भावातून) बाहेरच्या मालाची किंमत वजा करा, बाकीला एफओबी किमतीने भागा, १०० ने गुणा. हिशेब कळावा म्हणून आकडे घेऊ. बीपासून गराचा उतारा २८ टक्के धरला तर एक किलो गराला साधारण ३.६ किलो बी लागते. बी १३५ रुपये किलोने पडली तर बाहेरचा माल ४८६ रुपयांचा. गराची एफओबी किंमत ७२० रुपये असेल तर मूल्यवृद्धी ३२.५ टक्के. कराराने ४० टक्के मागितले असतील तर हा माल बसत नाही. तोच गर भाजून, पाकीट करून ९५० रुपयांना गेला, आणि भाजताना ३ टक्के वजन घटलं म्हणून बाहेरचा माल ५०० रुपये धरला, तर मूल्यवृद्धी ४७ टक्क्यांच्या वर जाते. किरकोळ विक्रीचा तयार माल पाठवण्याचा आग्रह धरायचा तो नुसत्या नफ्यासाठी नाही; अनेकदा सवलत त्याच्याशिवाय मिळतच नाही.

निवडणं, चाळणं, वाळवणं, पुन्हा पॅक करणं, लेबल लावणं या किरकोळ कामांनी उगम मिळत नाही, हे जवळजवळ प्रत्येक करारात लिहिलेलं असतं.

गावठी बी आणि आयात बी एकाच ढिगात मिसळली की संपलं. मग इथल्या बीचाही उगम सिद्ध करता येत नाही. गोदामाचे दोन भाग करा, पोत्यांना दोन रंगांच्या चिठ्ठ्या लावा, बोरमाच्या (गर वाळवण्याच्या भट्टीच्या) ट्रेवरही तोच रंग ठेवा. गावठी बीच्या खरेदी पावतीवर बागायतदाराचं नाव, गाव, सातबाऱ्यावरचा गट क्रमांक, वजन, ओलावा आणि तारीख लिहा. हंगामात दारात चाळीस रिक्षा उभ्या असताना हे कंटाळवाणं वाटतं, म्हणून पावती पुस्तक आधीच रकाने छापून घ्या. रकाना असला की भरला जातो.

उगम प्रमाणपत्राचा अर्ज डीजीएफटीच्या (परदेश व्यापार महासंचालनालयाच्या) ऑनलाइन व्यवस्थेतून होतो. बीजक, खर्चपत्रक आणि एचएस क्रमांक तिन्ही जुळले पाहिजेत. आयात करणारा देश नंतर पडताळणी मागू शकतो, म्हणून खर्चपत्रकाच्या मागची बिलं काही वर्षं जपून ठेवा. किती, ते करारात दिलेलं असतं. माल वाटेत दुबईच्या जेबेल अली बंदरात किंवा कोलंबोला जहाज बदलत असेल तर हरकत नाही, मात्र तिथे तो सीमाशुल्काच्या ताब्यातच राहिला पाहिजे. वाटेत कुणी कंटेनर फोडून माल विभागला तर सवलत जाते.

कागद: कुठल्या क्रमाने

आधी पॅन आणि चालू खातं, मग आयईसी (आयात-निर्यात क्रमांक). आयईसी डीजीएफटीच्या संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्क भरून मिळतो आणि तो पॅनसारखाच दहा अक्षरी असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती पडताळून द्यावी लागते, काही बदललं नसलं तरी. हे राहून गेलं की आयईसी निष्क्रिय होतो आणि ते कळतं कंटेनर बंदरावर उभा असताना.

त्यानंतर बँकेकडून एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा क्रमांक) घेऊन तो सीमाशुल्काच्या आइसगेट व्यवस्थेत नोंदवा. हा कोड बंदरनिहाय नोंदवावा लागतो: न्हावा शेवाला वेगळी नोंदणी, मुंबई विमानतळाला वेगळी. आंबा विमानाने आणि काजू जहाजाने जाणार असेल तर दोन्ही. जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठी एलयूटी (हमीपत्र) प्रत्येक आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं असतं. मार्चअखेरीस भरून टाकावं. अन्नपरवाना निर्यातीसाठी केंद्रीय स्तरावरचा लागतो, राज्याची साधी नोंदणी पुरत नाही.

मालाप्रमाणे निर्यातदार नोंदणीची संस्था बदलते. आंबा आणि पल्पसाठी अपेडा, मासळीसाठी एमपीडा. कोकम मसाले मंडळाच्या यादीत आहे, त्यामुळे आमसुलासाठी तिथली निर्यातदार नोंदणी. काजूसाठी अर्ज करताना डीजीएफटीच्या चालू यादीत संस्थेचं नाव पाहूनच फी भरा.

या सगळ्या कागदांवर, आणि लेबलवरही, उद्योगाचं नाव अक्षरशः एकसारखं हवं. एका ठिकाणी ‘अँड’ आणि दुसरीकडे त्याचं चिन्ह, एकीकडे ‘प्रॉडक्ट’ आणि दुसरीकडे ‘प्रॉडक्ट्स’, एवढ्यावरून लेटर ऑफ क्रेडिटचे (खरेदीदाराच्या बँकेने हमी दिलेले) पैसे बँकेत अडकतात. नाव सुधारायला पावसाळा हा उत्तम काळ.

काजू: ओलावा आणि बुरशी

कोकणात काजूचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. बी खरेदी केल्यावर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून ओलावा ९ टक्क्यांच्या आत आणा आणि ती पाऊस लागण्याआधी गोदामात गेली पाहिजे. पोती जमिनीवर टाकू नका. फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून फूटभर दूर ठेवा. जुन्या चिरेबंदी गोदामांत जूननंतर भिंत घाम धरते आणि भिंतीला टेकलेली रांग आधी बुरसते. अफलाटॉक्सिन बहुतेक वेळा इथेच तयार होतं. नंतर भाजून ते पुरेसं जात नाही.

गर काढल्यावर बोरमात ७० अंशांच्या आसपास सहा ते आठ तास, ओलावा साधारण ३ टक्क्यांपर्यंत. मग सोलण्याआधी गर थोडा विसावू द्यावा लागतो, नाहीतर पाकळी आणि तुकडा वाढतो. पॅकिंगच्या वेळी ओलावा ५ टक्क्यांच्या वर नको. सोलण्याच्या आणि निवडीच्या टेबलावर गर रात्रभर उघडा राहिला तर जुलै-ऑगस्टमध्ये सकाळपर्यंत तो सादळतो. निवड संपली की त्याच दिवशी पिशवी बंद, हा नियम मोडू नका. पॅकिंगच्या खोलीत पाच-सहाशे रुपयांचा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र) टांगा आणि आकडा दिवसातून तीनदा लिहा.

निर्यातीचं प्रचलित पॅकिंग ११.३४ किलोचं, म्हणजे २५ पौंडांचं. हवा काढून नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरलेली पिशवी. दोन पिशव्यांचं खोकं, वीस फुटी कंटेनरमध्ये ७०० खोकी, एकूण सुमारे १५.९ टन. भरलेल्या पिशव्या २४ तास तशाच ठेवून मग खोकी बंद करा. कुठे गळती असेल तर तोवर पिशवी सैल पडते.

युरोपीय संघाची अफलाटॉक्सिन मर्यादा थेट खाण्याच्या काजूसाठी किलोमागे बी-१ दोन मायक्रोग्रॅम आणि एकूण चार. पुढे निवड किंवा प्रक्रिया होणार असलेल्या मालासाठी पाच आणि दहा. करारात माल कुठल्या वर्गात विकता आहात ते स्पष्ट लिहा, कारण खोक्यावर काही लिहिलं नसेल तर कडक आकडा लागू शकतो.

‘आमच्या अहवालात पास, तिथे नापास’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. कारण नमुन्यात आहे. अफलाटॉक्सिन लॉटभर सारखं पसरत नाही; हजारांत एखाद्या गरात खूप असतं आणि बाकीचे स्वच्छ. एका डब्यातून अर्धा किलो काढून पाठवला तर तो गर सापडण्याची शक्यता नगण्य. युरोपात पंधरा टनांच्या वरच्या लॉटमधून १०० ठिकाणांहून सुमारे २०० ग्रॅम, असा २० किलोपर्यंत नमुना घेतात, दळतात आणि मग तपासतात. तुम्हीही तसाच घ्या: पॅकिंग चालू असताना ठरावीक अंतराने ओंजळभर गर बाजूला काढत राहा. २० किलो गराचा जीव हळहळतो खरा, पण दळलेला नमुना सोडून उरलेला गर विकता येतो, परत आलेला कंटेनर विकता येत नाही. प्रयोगशाळा एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेच्या मान्यतेची हवी आणि मान्यतेच्या यादीत काजू व अफलाटॉक्सिन ही जोडी आहे का तेही पाहा.

धातुशोधक यंत्र असेल तर चाचणीची पट्टी सुरुवातीला, दर तासाला आणि शेवटी फिरवा. एखाद्या वेळी यंत्राने पट्टी ओळखली नाही तर मागच्या बरोबर चाचणीपासूनचा सगळा माल थांबवून पुन्हा फिरवावा लागतो. म्हणूनच दर तासाला. दिवसातून एकदाच केली तर अख्खा दिवस पुन्हा.

कोकम: बाटलीत काय, लेबलवर काय

आगळ टिकतं ते आंबटपणा आणि मिठावर, अमृत कोकम साखरेवर. दोन्ही अत्यंत आंबट असल्याने लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची भांडी वर्ज्य. स्टील किंवा अन्नासाठीचं एचडीपीईचं पिंप. गरम सिरप साध्या प्लास्टिकच्या (पीईटी) बाटलीत भरलं की बाटली आक्रसते, झाकण नीट बसत नाही आणि कंटेनरच्या उकाड्यात गळतं. एक बाटली गळली तर खोकं भिजतं, रांग खचते. काचेची बाटली जड पडते, पण पहिल्या काही खेपांसाठी ती बरी.

परिरक्षकाचं (माल टिकण्यासाठी घातलेल्या रसायनाचं) प्रमाण हा दुसरा खड्डा. आपल्याकडे स्क्वॅशमध्ये बेंझोइक आम्ल ६०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ६०० भाग) चालतं. युरोपीय संघात चवीच्या पेयांसाठी मर्यादा लिटरला १५० मिलिग्रॅम आहे आणि ती सूचनेप्रमाणे पाणी घालून तयार केलेल्या पेयाला लावली जाते. म्हणून ‘एक भाग सिरप, पाच भाग पाणी’ हे लेबलवर लिहिणं म्हणजे शोभा नाही, तुमचा हिशेब त्यावरच ठरतो. सल्फाइट किलोमागे १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते ॲलर्जीकारक म्हणून जाहीर करावं लागतं. रंग गडद दिसावा म्हणून कार्मोइसिन घालणाऱ्यांनी ते बंदच करावं. युरोपात त्या रंगासोबत मुलांच्या वागण्याविषयीचा इशारा छापावा लागतो, आणि कोकमाला मुळात रंगाची गरज काय?

‘पित्तनाशक’, ‘वजन घटवते’, ‘रक्त शुद्ध करते’ हे शब्द युरोपच्या लेबलवरून काढून टाका. मंजूर यादीत नसलेला आरोग्याचा दावा तिथे करता येत नाही. कोकमाचे नवे अर्क किंवा भुकट्या पाठवायच्या असतील तर आधी आयातदाराकडून लेखी विचारून घ्या: १५ मे १९९७ आधी युरोपात फारसं खाल्लं न गेलेलं अन्न ‘नवीन अन्न’ ठरतं आणि त्याला वेगळी मंजुरी लागते.

आमसुलात तक्रार येते ती बहुधा वाळूची. कातळावर किंवा रस्त्याकडेला वाळवलेली सोलं कितीही चांगली रंगली तरी दातांखाली कचकचतात. जमिनीपासून कंबरभर उंच जाळीचे मांडव करा, वर पारदर्शक छत. मेच्या शेवटी अचानक वळीव आला तरी माल वाचतो.

मालवणी मसाला पाठवणाऱ्यांसाठी दोनच वाक्यं, पण ती विसरू नका. जंतू मारण्यासाठी इथिलीन ऑक्साइडची धुरी दिलेला मसाला युरोपात चालत नाही, वाफेची प्रक्रिया चालते. मिरची विकत घेताना प्रत्येक लॉटची अफलाटॉक्सिन आणि सुदान या कृत्रिम रंगाची चाचणी करून घ्या, दळल्यावर नाही, दळण्याआधी.

आंबा आणि पल्प

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातला आंबा फळमाशीमुळे बंद केला होता. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली. तेव्हापासून ताज्या फळाला ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं बुडवण्याची प्रक्रिया मान्यताप्राप्त केंद्रात करून, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रासह पाठवायची पद्धत रुळली आहे. बारा आण्याच्या आतलं फळ या पाण्याने सुरकुततं आणि पूर्ण पिकायला लागलेलं आतून बिघडतं. १४ आणे तयार, देठासह उतरवलेलं, चिकाचा डाग नसलेलं फळच यात टिकतं. साका (आतला गर बिघडण्याचा दोष) बाहेरून दिसत नाही, म्हणून प्रत्येक बागेच्या खेपेतली काही फळं कापून पाहावीच लागतात.

बागेची मँगोनेट या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदणी मोहोराआधी करा आणि फवारणीची वही त्याच दिवसापासून लिहा: औषधाचं नाव, प्रमाण, तारीख, काढणीआधी सोडायचे दिवस. युरोपात ज्या कीटकनाशकाला वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे १० कोटी भागांत एक भाग. क्लोरपायरीफॉस तिथे २०२० पासून मंजूर नाही. शेजारच्या बागेतला फवारा वाऱ्याने येऊनही एवढं अवशेष सापडू शकतं, तेव्हा बांधालगतच्या दोन ओळींची फळं निर्यातीच्या पेटीत घालू नका.

पल्प दूरच्या बाजाराला जास्त सोयीचा. ३.१ किलोचे डबे किंवा २१५ किलोचं ॲसेप्टिक (निर्जंतुक भरलेलं) पिंप. वीस फुटी कंटेनरमध्ये ८० पिंपं, १७.२ टन. ‘हापूस’ लिहून तोतापुरी मिसळली तर आज ते प्रयोगशाळेत उघड होतं, आणि त्यात सगळ्या कोकणाचं नाव जातं. हापूस, वेंगुर्ला काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम यांना भौगोलिक मानांकन आहे. ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. हे मानांकन भारतातलं आहे. परदेशात आपोआप संरक्षण मिळतं असं नाही.

मासळीत लहान उद्योगाने एकट्याने युरोपात उडी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मान्यताप्राप्त कारखाना, शीतसाखळी आणि २०१० पासून लागणारं मासेमारीचं प्रमाणपत्र हे सगळं ज्याच्याकडे आधीच आहे अशा प्रक्रियादाराला कच्चा माल देणं शहाणपणाचं.

लेबल

युरोपच्या लेबलवर घटकपदार्थ उतरत्या क्रमाने आणि ॲलर्जीकारक पदार्थ ठळक. काजू त्या १४ पदार्थांच्या गटांत येतो. पोषणमूल्य १०० ग्रॅममागे, ऊर्जा किलोज्यूल आणि किलोकॅलरी दोन्हींत. आपल्याकडचं सोडियम तिथे ‘मीठ’ म्हणून द्यायचं असतं, म्हणून सोडियमला २.५ ने गुणा. युरोपातल्या आयातदाराचं नाव-पत्ता लागतो. अक्षर इतकं हवं की लहान इंग्रजी एक्सची उंची किमान १.२ मिलिमीटर भरेल. छोट्या पाकिटांवर हेच चुकतं.

आखातात अरबी मजकूर आवश्यक. दुबईत उत्पादन आणि लेबल नगरपालिकेकडे नोंदवावं लागतं आणि ते काम आयातदार करतो. छपाईआधी लेबलचा नमुना त्याच्याकडून लेखी मंजूर करून घ्या. दहा हजार पाकिटं छापून झाल्यावर अरबीतली चूक दिसली तर ती पाकिटं रद्दीच.

भाव आणि एकत्र माल

प्रयोगशाळेचा खर्च एक टनाला जेवढा, तेवढाच जवळजवळ सोळा टनांना. कस्टम एजंटची फी आणि बँकेचे आकारही तसेच. त्यामुळे दोन टनांचा स्वतंत्र माल पाठवणाऱ्याचा भाव बसत नाही आणि तो चाचणीवर कात्री लावतो. त्यापेक्षा चार-पाच कारखान्यांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एकत्र कंटेनर भरावा. अट एकच: प्रत्येक कारखान्याच्या मालाला उपलॉट क्रमांक आणि नमुना वेगळा. एकत्र नमुन्यात एकाचा दोष सगळ्यांच्या माथी येतो आणि पुढच्या वर्षी कुणी एकत्र येत नाही.

भाव खालून वर बांधा: बी, मजुरी, घट, पॅकिंग, चाचणी, न्हावा शेवापर्यंतची गाडी, बंदराचे आकार. इथवर एफओबी. जहाजभाडं आणि विमा धरला की सीआयएफ. खरेदीदार सीआयएफ मागतो आणि तुम्ही मनात एफओबी धरता, ही चूक पहिल्या वर्षी हमखास होते, म्हणून कोटेशनवर बंदराच्या नावासह अट लिहा.

लाकडी पॅलेट वापरलंत तर त्यावर ५६ अंश, ३० मिनिटं उष्णता दिल्याची आंतरराष्ट्रीय खूण जळवलेली हवी. गावच्या वखारीतलं साधं पॅलेट परदेशी बंदरावर जाळायला लावतात, तुमच्या खर्चाने. कंटेनर भरण्याआधी आत जाऊन दार बंद करून घ्या: उजेडाचा एक जरी ठिपका दिसला तर तो कंटेनर परत. पावसाळ्यात छताला आर्द्रता शोषणाऱ्या पिशव्या टांगा, कारण दुपारी तापलेली हवा रात्री छतावर पाणी होऊन खोक्यांवर टपकते.

माल अडला तर

युरोपात एका बंदरावर दोष सापडला की त्याची सूचना सगळ्या सदस्य देशांना एकाच वेळी जाते. तशा सूचना वाढल्या की त्या देशातून येणाऱ्या त्या मालाची तपासणी सगळ्यांसाठीच कडक होते. म्हणून कळल्याबरोबर गप्प राहू नका. लॉट क्रमांक मागवा, त्याच लॉटचा राखलेला नमुना त्याच पद्धतीने तपासा, तोच लॉट आणखी कुणाला गेला असेल तर त्यांना त्याच दिवशी कळवा.

प्रत्येक लॉटचा नमुना टिकण्याच्या मुदतीनंतर आणखी तीन महिने हवाबंद ठेवावा. कोकणात कपाटात ठेवलेला नमुना काही आठवड्यांत सादळतो आणि मग तो पुरावा राहत नाही; तो मूळ पॅकिंगच्याच पिशवीत, मूळ वायूसह ठेवा.

करारात आधीच लिहून ठेवायचं ते हे: नापास मालाचं काय करायचं, परत आणायचा, दुसऱ्या बाजारात वळवायचा की नष्ट करायचा, खर्च कुणाचा, दुसऱ्या चाचणीची प्रयोगशाळा कुठली. सर्वसाधारण सागरी विमा माल भिजला-फुटला तर पैसे देतो, परदेशी अधिकाऱ्यांनी नाकारला तर देत नाही. ईसीजीसीचं (सरकारी निर्यात पतविमा कंपनीचं) संरक्षण खरेदीदाराने पैसे बुडवले तर कामाला येतं, दर्जाच्या वादात नाही.

सप्टेंबरमध्ये, काजूची घाई नसताना, एकदा रंगीत तालीम घ्या. दुकानातून आपलंच एक पाकीट उचलून आणा आणि घड्याळ लावा. चार तासांत त्या पाकिटातली बी कुठल्या गावची किंवा कुठल्या जहाजातली, कोणत्या दिवशी फोडली, पॅकिंगच्या दिवशी खोलीचा हायग्रोमीटर काय दाखवत होता आणि त्याच लॉटची बाकी पाकिटं कुठे आहेत, हे वहीतून निघायला हवं. जिथे अडेल त्या रकान्यापासून ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती सुरू करा.